फोकवेज रेकॉर्ड्स आणि मो ॲश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या तबकड्यांच्या आमच्या श्रवणसत्रात फोकवेजची तबकडी लावली की ठरलेले प्रश्न येतात. कुणाला त्या काळ्या पुठ्ठ्याच्या कव्हरचं कुतूहल असतं, तर कुणाला बेडकांच्या रेकॉर्डवर विश्वास बसत नाही. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा उत्तरं एकदा लिहून काढावीत असं ठरवलं. ही ती उत्तरं.

फोकवेज म्हणजे नेमकं काय?

न्यूयॉर्कमधली एक छोटी, स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी. १९४८ साली मोझेस ॲश आणि मॅरियन डिस्टलर यांनी ती सुरू केली. ॲश यांना सगळे ‘मो’ म्हणत. १९८६ मध्ये ते गेले तोवर कंपनीच्या यादीत २,१६८ शीर्षकं जमा झाली होती. भागाकार करून पाहा: जवळजवळ चाळीस वर्षं, दर आठवड्याला एकाहून जास्त नवी तबकडी! आणि एवढा पसारा सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यात काय नव्हतं? अमेरिकेतली लोकगीतं, ब्लूज, जॅझ, हैती-इथिओपियापासून भारतापर्यंतचं संगीत, लहान मुलांची गाणी, कवींनी स्वतः वाचलेल्या कविता, भाषणं, वाफेची इंजिनं, पक्षी, बेडूक, भंगारखाना. माणसाच्या कानावर पडणारा जो आवाज जपावासा वाटला, तो मो ॲश यांनी तबकडीवर घेतला.

मो ॲश मूळचे कुठले?

जन्म वॉर्साचा, १९०५ सालचा. वडील शोलेम ॲश हे यिद्दिश भाषेतले गाजलेले कादंबरीकार. वॉर्साहून कुटुंब पॅरिसला गेलं आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्कला येऊन स्थिरावलं. घरात लेखक-विचारवंतांची ये-जा असे, पण मुलाचा जीव रमला तारा, कॉइल आणि व्हॉल्व्हमध्ये. तरुणपणी त्यांनी जर्मनीत इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं.

त्याच काळात सुट्टीत पॅरिसला गेले असताना रस्त्याकडेच्या पुस्तकवाल्याकडे त्यांना लोकगीतं गोळा करणारे जॉन लोमॅक्स यांचा अमेरिकन काउबॉय गाण्यांचा संग्रह सापडला. यिद्दिश बोलणारा, युरोपातून आलेला हा मुलगा. अमेरिकेला स्वतःची लोकगीतं आहेत, हे त्याला पॅरिसच्या फुटपाथवर कळलं. पुढे आयुष्यभर ते या पुस्तकाचा उल्लेख करत राहिले.

अमेरिकेत परतल्यावर त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं आणि ध्वनियंत्रणा बसवण्याचं दुकान काढलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण ॲश पिंडाने तंत्रज्ञ होते. एक चांगला मायक्रोफोन नीट जागी ठेवायचा आणि समोर जे घडतंय ते जसंच्या तसं उतरवायचं, ही त्यांची पद्धत. स्वतःला ते ‘दस्तऐवज करणारा’ म्हणवत.

आइनस्टाइन यांनी त्यांना हे काम करायला सांगितलं, ही गोष्ट खरी आहे का?

ही गोष्ट स्वतः ॲश सांगत असत. १९४० च्या आसपास ते वडिलांबरोबर प्रिन्स्टनला आइनस्टाइन यांच्या घरी गेले होते. युरोपातल्या ज्यूंना वाचवण्यासाठीचं आवाहन रेडिओकरता ध्वनिमुद्रित करायचं होतं. काम आटोपल्यावर आइनस्टाइन यांनी या तरुणाची चौकशी केली. जगातले आवाज, सामान्य माणसांचं संगीत टिपून ठेवायची कल्पना त्याने सांगितली, तेव्हा त्यांनी हे काम मनावर घे असं सुचवलं.

ॲश रंगवून सांगणाऱ्यांपैकी होते, त्यामुळे संवाद शब्दशः असेच झाले असतील असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर त्यांनी रेडिओ दुरुस्ती मागे टाकून रेकॉर्डिंग हाच धंदा धरला, एवढं नक्की.

फोकवेज हा त्यांचा पहिलाच प्रयत्न होता का?

नाही, त्याआधी ते दोनदा पडले होते.

पहिली कंपनी होती ‘ॲश रेकॉर्ड्स’. सुरुवातीला यिद्दिश गाणी होती. मग १९४१ मध्ये हडी लेडबेटर, म्हणजे लेड बेली, यांनी मुलांसाठी गायलेल्या खेळगाण्यांचा संच निघाला. टेक्सास आणि लुईझियानाच्या तुरुंगांत राहून आलेला कृष्णवर्णीय गायक मुलांसाठी गातो, यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली. ॲश मागे हटले नाहीत. लेड बेलींच्या आवाजात मुलांना जवळ बसवून घेणारी जी ऊब आहे, ती आजही ऐकू येते.

मग युद्ध आलं आणि इथे आपल्याकडची एक वस्तू गोष्टीत शिरते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या बनत. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात, तीच ही लाख. छोटा नागपूरकडची जंगलं हा तिचा जगातला मोठा स्रोत, आणि आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही ती होते. युद्धात लाख लष्करी कामांना लागू लागली. अमेरिकी सरकारने १९४२ मध्ये इतर वापरावर कडक निर्बंध घातले. तबकडी कापायला गाणी तयार, पण कच्चा माल नाही! ज्याच्याकडे लाखेचा कोटा होता त्या स्टिन्सन कंपनीच्या हर्बर्ट हॅरिस यांच्याशी ॲश यांनी भागीदारी केली. ती फार टिकली नाही, आणि कुठल्या गाण्यावर कुणाचा हक्क याचा घोळ पुढे बरीच वर्षं पुरला.

१९४५ मध्ये ‘डिस्क’ नावाची दुसरी कंपनी काढली. या वेळी जॅझवर मोठा पैसा लावला. नाताळच्या बाजारासाठी काढलेला माल बर्फाच्या वादळात अडकला आणि सण उलटून गेल्यावर दुकानांत पोचला, असं ॲश सांगत. १९४८ मध्ये दिवाळं वाजलं.

मग फोकवेजच्या कागदपत्रांवर मॅरियन डिस्टलर यांचं नाव का?

दिवाळखोरीमुळे ॲश यांना स्वतःच्या नावावर कंपनी काढता येईना. आधीपासून त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मॅरियन डिस्टलर अध्यक्ष झाल्या आणि ॲश कागदोपत्री ‘सल्लागार’. पण त्या केवळ सहीपुरत्या नव्हत्या. ऑर्डरी, पत्रव्यवहार, बिलं, छपाई हा कंपनीचा रोजचा गाडा त्या ओढत होत्या. १९६४ मध्ये त्या गेल्या. फोकवेजचा इतिहास सांगताना त्यांचं नाव अनेकदा एका ओळीत उरकलं जातं, ते मला पटत नाही. बुडालेल्या माणसावर विश्वास टाकून त्या उभ्या राहिल्या नसत्या, तर पुढचं काहीच झालं नसतं.

लोकगायक वुडी गथ्री यांच्या त्या प्रसिद्ध रेकॉर्डिंगची हकिकत काय?

१९४४ च्या वसंतात गथ्री व्यापारी जहाजावर काम करत होते. दोन सफरींच्या मधल्या सुट्टीत ते ॲश यांच्या चिमुकल्या स्टुडिओत आले. सोबत जहाजावरचा मित्र सिस्को ह्यूस्टन. हार्मोनिका वाजवणारे सॉनी टेरीही त्यांना येऊन मिळाले. आणि काही दिवसांत या मंडळींनी दीडशेच्या आसपास गाणी ध्वनिमुद्रित करून टाकली. तालीम नाही, रीटेक फारसे नाहीत. एक संपलं की दुसरं. कुठे शब्द अडखळतात, कुठे गिटार जरा उतरलेली आहे. एखादा व्यावसायिक निर्माता ‘पुन्हा घेऊ’ म्हणाला असता. ॲश यांनी मशीन चालू ठेवलं.

‘धिस लँड इज युअर लँड’ त्याच बैठकांत पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं. शाळाशाळांतून म्हटलं जाणारं हे गाणं ज्या रूपात लोकांना माहीत आहे, त्यात खासगी मालकीच्या पाटीबद्दलचं एक टोचणारं कडवं नसतं. गथ्रींनी ते गायलं होतं. १९९० च्या दशकात, फोकवेजचा संग्रह पुढे ज्या संस्थेकडे गेला त्या स्मिथसोनियनमध्ये, ॲश यांच्या मूळ तबकड्या नव्याने उतरवून घेताना त्या कडव्यासहित केलेलं ध्वनिमुद्रण हाती लागलं. पन्नास वर्षं ती तबकडी बासनात पडून होती, पण कुणी फेकली नव्हती.

न विकली जाणारी तबकडी यादीत का ठेवायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि फोकवेजचा सगळा जीव इथेच आहे.

इतर कंपन्यांचा नियम साधा: माल हलेना झाला की बंद करा. ॲश यांचा नियम होता, एकदा प्रसिद्ध केलेली तबकडी कधीच बाद करायची नाही. ते शब्दकोशाचं उदाहरण देत. ‘एस’च्या मानाने ‘जे’ हे अक्षर कमी लागतं म्हणून कुणी ते कोशातून काढून टाकत नाही. आपल्याला हे चटकन समजेल. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत शोधूनही सापडायचा नाही, पण ‘ळ’ काढला तर बाळ, आभाळ आणि तांदूळ कुठून आणायचे?

हा नियम परवडावा म्हणून त्यांनी धंद्याची घडीच वेगळी बसवली. सुरुवातीला काहीशे प्रतीच काढायच्या. त्या संपत आल्या आणि मागणी आली की पुन्हा थोड्या. गोदामात हजारोंचा माल अडकवून ठेवायचा नाही. जाहिरात जवळजवळ शून्य. गिऱ्हाईक कोण? शाळा, विद्यापीठं, सार्वजनिक ग्रंथालयं. ही मंडळी गाणं लोकप्रिय आहे का हे बघत नाहीत. विषय हवा असतो आणि सोबत माहिती हवी असते. ग्रंथपालाने यादी उघडली की हवी ती तबकडी मिळणारच, दहा वर्षांपूर्वीची असली तरी, ही खात्री हीच फोकवेजची पत होती. एखादी तबकडी वर्षाला चार-पाच जणांनी घेतली तरी चाले. तिच्या शेजारी लोकगायक पीट सीगर आणि मुलांसाठी गाणाऱ्या एला जेनकिन्स यांच्या तबकड्या होत्या. त्या सतत खपत आणि बाकीच्यांना सांभाळून नेत. जेनकिन्स यांची १९६६ ची ‘यू’ल सिंग अ साँग अँड आय’ल सिंग अ साँग’ ही तर फोकवेजची सर्वाधिक खपलेली तबकडी.

काळही अनुकूल होता. १९४८ मध्येच लाँग-प्ले तबकडी बाजारात आली. टेप रेकॉर्डरही सर्रास मिळू लागले. तीन-साडेतीन मिनिटांच्या बंधनातून सुटका झाली आणि कुणी संशोधक यंत्र घेऊन खेड्यात जाऊन तासभराचा विधी टिपून आणू शकला. तंत्रज्ञ असलेल्या ॲश यांना या दोन्हींचं मोल लगेच कळलं.

सगळी कव्हरं एकाच धाटणीची का दिसतात?

काटकसर. माझ्यासमोर आत्ता एक आहे, त्यावरूनच सांगतो. जाड, खरखरीत काळा पुठ्ठा. त्यावर थेट काही छापलेलं नाही. छापील कागद वेगळा आहे आणि तो पुढच्या बाजूला चिकटवून कडेवरून मागे वळवलेला आहे. कागद संपतो तिथे काळा पुठ्ठा तसाच दिसतो. म्हणजे पुठ्ठ्याची पाकिटं घाऊक घ्यायची आणि प्रत्येक तबकडीसाठी लागतील तेवढेच कागद छापायचे. रंग एक, फार तर दोन. पाकीट उघडलं की आत मध्ये एक पुठ्ठ्याची आडभिंत. एका कप्प्यात तबकडी, दुसऱ्यात पुस्तिका. हातात घेतलं की वजन जाणवतं.

पाचशेहून अधिक कव्हरं रोनाल्ड क्लाइन यांनी केली. दोन रंगांत किती बोलता येतं हे शिकायचं असेल तर ती बघावीत. आणि ती पुस्तिका! गाण्याचे शब्द, भाषांतर, गायकाची माहिती, वाद्याचं वर्णन, कुठे कधी मुद्रण केलं ते. पुस्तिकेशिवाय फोकवेज म्हणजे शेंगदाण्याचं फोलपट.

बेडकांची रेकॉर्ड खरंच आहे?

आहे. १९५८ ची, उत्तर अमेरिकेतल्या बेडकांची. सरीसृप-उभयचरांचे अभ्यासक चार्ल्स बोगर्ट एकेका जातीचं नाव सांगतात आणि मग तो बेडूक बोलतो. ५७ जातींचे आवाज आहेत. १९६४ मध्ये भंगारखान्याच्या आणि कचेरीच्या आवाजांच्याही तबकड्या निघाल्या. त्या कचेरीतल्या टाइपरायटरांची टकटक आता कुठे ऐकायला मिळणार?

हॅरी स्मिथ यांचा संग्रह एवढा महत्त्वाचा का? आणि तो बेकायदा होता का?

हॅरी स्मिथ हे चित्रकार, प्रायोगिक चित्रपट करणारे आणि अट्टल संग्राहक. पैशांची चणचण होती म्हणून आपल्या ७८च्या तबकड्या विकायला ते ॲश यांच्याकडे आले. ॲश म्हणाले, विकण्यापेक्षा यातून निवडून संच तयार करा. १९५२ मध्ये ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ निघाला: सहा तबकड्या, ८४ गाणी, १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९३०च्या सुरुवातीपर्यंतची. ही गाणी व्यावसायिक कंपन्यांनीच कधीकाळी काढली आणि मंदीत विसरून टाकली होती. गायक गोरा की काळा हे स्मिथ यांनी पुस्तिकेत मुद्दाम सांगितलं नाही. पुढच्या दशकात गिटार हाती घेणारी पिढी, बॉब डिलनसकट, हा संच घासून घासून ऐकत मोठी झाली.

कायद्याचं म्हणाल, तर मूळ कंपन्यांची रीतसर परवानगी ॲश यांनी घेतली नव्हती. ज्या कंपन्या हे संगीत बाजारात आणत नाहीत, त्यांनी लोकांचा ते ऐकण्याचा हक्क अडवू नये, अशी त्यांची भूमिका. मला ती अर्धीच पटते. कंपन्यांचं काही बुडालं नाही, पण त्या ८४ गाण्यांमागची कित्येक गायक मंडळी तेव्हा हयात होती, आणि त्यांच्या पदरी काही पडलं नाही. १९९७ मध्ये हा संच रीतसर हक्क घेऊन पुन्हा निघाला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. स्मिथ यांना १९९१ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर गौरवण्यात आलं, त्याच वर्षी ते वारले.

कलाकारांना ॲश पैसे देत होते का?

थोडे, आणि बहुतेकदा रोखीने, हातावर. घरभाड्याची नड आहे म्हणून गथ्री दारात आले की काही डॉलर मिळत. रॉयल्टीचा नियमित हिशेब मात्र अनेकांना मिळाला नाही, आणि त्याबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत. ॲश यांच्या बाजूने सांगतात की नफा असा नव्हताच, आलेला पैसा पुढच्या तबकडीत जाई. ते खरं आहे. पण सगळी यादी जिवंत ठेवण्याच्या खर्चातला एक मोठा वाटा कलाकारांनी न विचारता उचलला, हेही तितकंच खरं. मी त्यांचा भक्त असूनही हे लिहितो, कारण लोकसंगीत जपणारा प्रत्येक जण आजही या प्रश्नाशी येऊन थांबतो.

काळ्या यादीच्या दिवसांत काय झालं?

१९५०च्या दशकात डाव्या विचारांच्या कलाकारांची अमेरिकेत कोंडी झाली. पीट सीगर यांना रेडिओ-टीव्हीची दारं बंद, मोठ्या कंपन्यांची बंद. फोकवेजचं दार उघडं राहिलं. त्या वर्षांत सीगर कॉलेजांत, शाळांत, शिबिरांत गात फिरत होते आणि ॲश त्यांच्या तबकड्यांमागून तबकड्या काढत होते.

ॲश यांच्यानंतर कंपनीचं काय झालं?

शेवटच्या वर्षांत त्यांना एकच काळजी होती: घेणारा निवडक गाणी ठेवील आणि बाकीची बंद करील. त्यांनी अट घातली की संपूर्ण यादी कायम उपलब्ध राहिली पाहिजे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने राल्फ रिंझलर यांच्या पुढाकाराने ती मान्य केली. ॲश ऑक्टोबर १९८६ मध्ये वारले आणि १९८७ मध्ये कुटुंबाने व्यवहार पुरा केला. खरेदीच्या पैशांसाठी डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन, यू-टू यांनी गथ्री आणि लेड बेली यांची गाणी गाऊन १९८८ मध्ये एक तबकडी काढली.

अट पाळली गेली. एकच प्रत मागितली तर आधी कॅसेटवर, मग सीडीवर उतरवून पाठवत. आता डाउनलोड आहे. २०१५ मध्ये हा संग्रह युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत गेला.

यात भारताचं काही आहे का?

आहे. काशीत अनेक वर्षं राहिलेले संगीत-अभ्यासक आलाँ दानिएलू यांनी टिपलेलं भारतीय धार्मिक संगीत फोकवेजने १९५२ मध्येच काढलं, अमेरिकेत सतारीची लाट यायच्या कितीतरी आधी. पुढे स्मिथसोनियनने ऑनलाइन ऐकण्याची सोय केली तेव्हा भारतातल्या ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ या संग्रहालयाशी सहकार्य केलं.

आणि मराठी वाचक विचारतात, आपल्याकडे असं काम झालं का? फोकवेजशी त्याचा संबंध नाही, पण हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आवर्जून ऐका. एक लाखाहून अधिक ओव्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह. ग्रामीण भारताच्या गोष्टी जपणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ऐकता येतात.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

माझं उत्तर ठरलेलं आहे: एलिझाबेथ कॉटन, १९५८ ची तबकडी. या बाई सीगर कुटुंबाकडे घरकाम करत. दुकानात हरवलेल्या लहानग्या पेगी सीगरला त्यांनी आईपाशी आणून पोचवलं, तिथून ओळख झाली. त्या गिटार वाजवतात हे घरात कुणाला बरीच वर्षं माहीत नव्हतं. एक दिवस भिंतीवरची गिटार काढून त्या वाजवताना दिसल्या. डावखुऱ्या असल्यामुळे उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवत, म्हणजे खर्ज बोटांनी आणि सूर अंगठ्याने. ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं त्यांनी शाळकरी वयात रचलं होतं. माइक सीगर यांनी त्यांच्या घरीच जाऊन मुद्रण केलं, तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. ग्रॅमी मिळालं तेव्हा नव्वदी.

हेडफोन लावून ऐका. पुस्तिका संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते, ती आधी वाचा. काही गाणी त्यांच्या झोपायच्या खोलीत घेतली आहेत, झोपायची वेळ झालेली नातवंडं शेजारी बसून गुपचूप ऐकत असताना.